ट्रॅक्टरच्या लोडरचा जोर आणि वेग

शेणखताच्या ढिगांत बकेट खुपसून ती ट्रॉलींत रिती करणारा ट्रॅक्टरचा लोडर भारानें अडूं लागला, कीं धन्याच्या मनांत बहुधा एकच उपाय येतो : सिलिंडर मोठे बसवावे. उपाय खोटा नाहीं. मात्र त्याची किंमत दोन ठिकाणीं मोजावी लागते.

कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोंचतो, हा पास्कलचा नियम. त्याच्याच आधारें जोसेफ ब्रामा यानें इंग्लंडांत १७९५ सालीं आपल्या दाबयंत्राचें पेटंट घेतलें. लोडरमध्यें दुसरें कांहीं घडत नाहीं. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो असेल, तर ५० मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर सुमारें २,९४५ किलोंचा रेटा येतो. व्यास ६३ मिलिमीटर केला, कीं तोच रेटा ४,६७० च्या वर जातो. व्यास जेमतेम सव्वापट, पण जोर दीडपटीहून अधिक. कारण दट्ट्याचें क्षेत्र व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. अर्थात् हा सगळा जोर बकेटीपर्यंत पोंचत नाहीं. सिलिंडर भुजेच्या बिजागरीजवळ जोडलेला असल्यामुळें तरफेच्या नियमानें त्याचा कांहीं अंशच तेथें उरतो.

वेगाचें गणित याच्या उलट आहे. ज्या पन्हळीनें घागर भरते तिनेंच रांजण भरावयाचा, तर वेळ अधिक लागणारच. पंप मिनिटाला ३० लिटर तेल देत असेल आणि सिलिंडरांची धांव ५० सेंटिमीटर असेल, तर लहान जोडी सुमारें चार सेकंदांत वर जाते. मोठीला सव्वासहा लागतात. हा वेग परत मिळवावयाचा, तर मोठा पंप हवा आणि तो फिरवावयास इंजिनाची शक्तीहि अधिक हवी.

दुसरी किंमत याहून जड आहे. लहान सिलिंडर म्हणजे कारखानदाराची कंजूषी, असें समजणें भोळेपणाचें होय. भुजा, सांगाडा आणि पुढचा आंस किती भार सोसतील हें पाहूनच तो ठरविलेला असतो. सिलिंडर तसाच ठेवून दाबाच्या झडपेचा स्क्रू आंवळला, तर वेग टिकतो खरा, पण नळ्या आणि पंप यांवर ताण येतो. शिवाय भार वाढला कीं मागचीं चाकें हलकीं होतात, ब्रेक नीट लागत नाहीं, आणि उंच धरलेल्या बकेटीसह उतारावर वळतांना ट्रॅक्टर कुशीवर उलटून चालक त्याखालीं सांपडूं शकतो. म्हणूनच जाणते चालक मागें वजन बांधतात आणि भरलेली बकेट जमिनीलगत ठेवूनच ट्रॅक्टर हांकतात.