भविष्यकाळ: उद्याचं बोलताना ‘विल’ एकटं पुरत नाही

मागच्या भागात आपण भूतकाळ पाहिला. आज भविष्यकाळ.

शाळेत आपण पाठ केलं होतं, भविष्यकाळ म्हणजे ‘विल’ नाहीतर ‘शॅल’. हे अर्धंच खरं आहे. इंग्रजीत ‘गो’चं भूतकाळी ‘वेन्ट’ होतं. भविष्यकाळासाठी क्रियापदाचं असं वेगळं रूपच नाही. म्हणून इंग्रजीत त्यासाठी निरनिराळ्या रचना वापरतात. कोणती रचना वापरली यावरून निर्णय कधी झाला आणि तयारी कुठवर आली, हे ऐकणाऱ्याला कळतं. मराठीतही ‘जाईन’ आणि ‘जाणार आहे’ यांत फरक आहेच.

मुख्य रचना चार.

१. विल: निर्णय बोलता बोलता झाला, किंवा आपण शब्द देतोय. दारावरची बेल वाजली की आपण ‘मी बघतो’ म्हणतो. ‘संध्याकाळी फोन करतो’ म्हणतो. मराठीत इथे वर्तमानकाळ चालतो, म्हणून आपली मुलं ‘आय कॉल यू इन द ईव्हनिंग’ म्हणून मोकळी होतात. इंग्रजीत ‘आय विल कॉल यू’च हवं.

२. गोइंग टू: आधीच ठरवलंय. ‘आय अ‍ॅम गोइंग टू लर्न ड्रायव्हिंग’, म्हणजे शिकणार आहे. समोर खूण दिसत असेल तरी हेच. आभाळ भरून आलंय, ‘इट इज गोइंग टू रेन’.

३. चालू वर्तमानकाळ: दुसऱ्याशी बोलून वेळ पक्की केली आहे. ‘आय अ‍ॅम मीटिंग द डॉक्टर अ‍ॅट फोर’. अपॉइंटमेंट घेतलेली आहे.

४. साधा वर्तमानकाळ: वेळापत्रक. ‘द ट्रेन लीव्हज अ‍ॅट सिक्स’. गाडी सहाला सुटते. हे मराठीसारखंच.

आता एक खड्डा. ‘इफ’ आणि ‘व्हेन’ने वेळ किंवा अट सांगताना त्या भागात सहसा ‘विल’ येत नाही. ‘इफ इट रेन्स, वी विल स्टे होम’. आपणही ‘पाऊस येईल तर’ म्हणत नाही, ‘पाऊस आला तर’ म्हणतो. आपण तिथे भूतकाळाचं रूप घेतो, इंग्रजी वर्तमानकाळाचं.

‘विल’ आणि ‘शॅल’ दरवेळी भविष्यच सांगतात असंही नाही. फौजेत लेखी आदेश निघतो, ‘द कंपनी विल मूव्ह अ‍ॅट ०५०० अवर्स’. हा अंदाज नव्हे, हुकूम आहे. कायद्याच्या भाषेत ‘शॅल’चं तेच काम. आपल्या राज्यघटनेत हा शब्द पानोपानी आहे. तिथे ‘असं होईल’ असा अर्थ घेतला तर घोटाळा होईल; बहुतेक ठिकाणी अर्थ ‘असं असलं पाहिजे’ असा आहे. मुळात ‘विल’ म्हणजे इच्छा असणे आणि ‘शॅल’ म्हणजे देणं लागणे. जुने अर्थ अजून पुरते गेलेले नाहीत.

हे सगळं कशासाठी? निवृत्तीनंतर मी एसएसबीच्या मुलाखतीसाठी मुलामुलींची तयारी करून घेतो. एक प्रश्न ठरलेला असतो: यंदा निवड झाली नाही तर काय कराल? ‘आय विल ट्राय अगेन’ हे व्याकरणात बरोबर आहे, पण आत्ता सुचलेलं वाटू शकतं. ‘आय अ‍ॅम गोइंग टू ट्राय अगेन’ म्हटलं की हे आधीच ठरलेलं आहे हे कळतं. आणि पुढच्या परीक्षेचा फॉर्म खरोखर भरला असेल तर सांगा, ‘आय अ‍ॅम टेकिंग द एक्झॅम अगेन इन सप्टेंबर’. यात तयारी दिसते. मात्र फॉर्म भरला नसेल तर हे वाक्य वापरू नका. पुढचा प्रश्न त्याच्यावरच येईल.

गृहपाठ: उद्याच्या दिवसाची पाच वाक्यं लिहा. प्रत्येकापुढे एक शब्द लिहा: आत्ता सुचलं, ठरवलं, पक्कं केलं की वेळापत्रक. रचना आपोआप सापडेल.

पुढच्या भागात ‘विल बी’ आणि ‘विल हॅव’. जय हिंद.