दोन मोटारी, एक रस्ता

मुलांनो, शाळेच्या फाटकाबाहेर एखादी चकचकीत, महागडी मोटार येऊन उभी राहिली, की तुम्ही तिच्याभोवती गोळा होता. कोणी काचेतून आत डोकावतो, कोणी चाकांकडे पाहतो. "ही केवढ्याची असेल? किती जोरात पळत असेल?" असे प्रश्न सुरू होतात. तिच्या शेजारीच एक साधी पांढरी टॅक्सी उभी असते. तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. आज आपण या दोन्ही मोटारींकडे नीट पाहू या.

एक महाग आणि दुसरी स्वस्त, एवढे सांगितले की तुलना पूर्ण होत नाही. दोन वस्तूंत सारखे काय आहे, वेगळे काय आहे आणि ते वेगळे का आहे, हे शोधणे म्हणजे तुलना. आपल्या तुलनेसाठी दोन मोटारी घेऊ. पहिली मारुती सुझुकीची डिझायर आणि दुसरी बी. एम. डब्ल्यू. कंपनीची एम ३४० आय. या दोन्ही मोटारींची नवी रूपे २०२४ सालच्या अखेरीस भारतात विक्रीला आली.

प्रथम सारखेपणा पाहू. या दोन्ही मोटारी 'सेडान' प्रकारच्या आहेत. मोटारीकडे बाजूने पाहिले, की तीन पेट्या एकामागे एक ठेवल्यासारख्या दिसतात. पुढच्या पेटीत इंजिन, मधल्या पेटीत माणसे आणि मागच्या पेटीत, म्हणजे डिकीत, सामान. ज्या मोटारीला अशा तीन पेट्या असतात, तिला सेडान म्हणतात.

आता वेगळेपण पाहू. डिझायरची लांबी ३९९५ मिलिमीटर आहे, म्हणजे चार मीटरला फक्त पाच मिलिमीटर कमी! हा काही योगायोग नाही. त्यामागे सरकारी कराचा हिशेब आहे. २००६ सालच्या अर्थसंकल्पात सरकारने लहान मोटारींवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. लहान मोटार कोणती, हेही ठरवून दिले. तिची लांबी चार मीटरहून अधिक नसावी आणि पेट्रोल इंजिन १२०० घन सेंटिमीटरहून मोठे नसावे. डिझायर २००८ साली प्रथम आली, तेव्हा ती चार मीटरहून लांब होती. २०१२ साली कंपनीने तिची डिकी आखूड केली आणि मोटार चार मीटरच्या आत बसवली. कर कमी झाला आणि किंमत आटोक्यात राहिली. मोटारीचा आकार केवळ चित्रकाराच्या कागदावर ठरत नाही, तो कायद्याच्या पुस्तकातही ठरतो, हे यावरून तुमच्या लक्षात येईल.

ही रेषा आजही कायम आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा लहान पेट्रोल मोटारींवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. मोठ्या मोटारींवर तो ४० टक्के आहे. एम ३४० आयची लांबी चार मीटर सत्तर सेंटिमीटरच्या आसपास असल्यामुळे ती अर्थातच मोठ्या मोटारींत मोडते.

आता बॉनेट उघडून आत पाहू. डिझायरच्या इंजिनात तीन सिलिंडर आहेत. त्यांचे एकूण आकारमान ११९७ घन सेंटिमीटर आहे. पाण्याची एक लिटरची बाटली डोळ्यांपुढे आणा. त्याहून थोडेसे जास्त. बी. एम. डब्ल्यू.च्या इंजिनात सहा सिलिंडर एका रांगेत बसवलेले आहेत आणि त्यांचे आकारमान २९९८ घन सेंटिमीटर आहे. म्हणजे जवळजवळ तीन बाटल्या. सहा सिलिंडर एका रांगेत असले, की एकाचा धक्का दुसरा सावरून घेतो. त्यामुळे इंजिन अगदी सुरळीत चालते, थरथरत नाही.

पण मोठ्या आकाराचेच सगळे श्रेय नाही. या इंजिनाला 'टर्बो' नावाचे साधन जोडलेले आहे. इंजिनातून जो गरम धूर बाहेर पडतो, त्याच्या जोरावर एक लहानसे चक्र फिरते. त्या चक्राबरोबर दुसरे चक्र फिरते आणि ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. चुलीत फुंकणीने हवा घातली, की जाळ भडकतो ना? तसेच येथे होते. जास्त हवा आली, की जास्त इंधन जळते आणि जास्त शक्ती मिळते. म्हणून डिझायरची शक्ती सुमारे ८० अश्वशक्ती आहे, तर बी. एम. डब्ल्यू.ची ३७४ अश्वशक्ती.

येथे एक गणित करू. डिझायरचे वजन साधारण ९५० किलो आहे. दुसरी मोटार सुमारे पावणेदोन टनांची आहे. शक्तीला वजनाने भागा. डिझायरच्या वाट्याला एका टनामागे सुमारे ८४ अश्वशक्ती येतात आणि बी. एम. डब्ल्यू.च्या वाट्याला सुमारे २१४. शक्ती साडेचारपटींहून अधिक आहे. पण वजनही जास्त असल्यामुळे खरा फायदा अडीच पटींचा उरतो. तरी हा फरक थोडाथोडका नाही. उभी असलेली एम ३४० आय ताशी १०० किलोमीटरचा वेग ४.४ सेकंदांत गाठते, असे कंपनी सांगते. डिझायरला त्यासाठी दहा सेकंदांहून अधिक वेळ लागतो.

ही शक्ती चाकांपर्यंत पोहोचवण्याची रीतही दोघींची निराळी आहे. डिझायरमध्ये इंजिन पुढे आणि गाडी ओढणारी चाकेही पुढची. मागच्या चाकांपर्यंत लांब दांडा न्यावा लागत नाही. त्यामुळे जागा, वजन आणि पैसा या तिन्हींची बचत होते. मग बी. एम. डब्ल्यू.ने असे का केले नाही? एस. टी. अचानक सुरू झाली, की उभे असलेले प्रवासी मागे कलतात. मोटारीचेही तसेच होते. जोराने निघताना तिचा भार मागे सरकतो आणि पुढची चाके हलकी होतात. त्याच वेळी त्यांच्यावर मोठी शक्ती टाकली, तर ती जागच्या जागी घसरू लागतील. शिवाय दिशा बदलण्याचे कामही त्यांनाच करायचे असते. म्हणून एम ३४० आयमध्ये शक्ती चारही चाकांना वाटून दिलेली आहे.

आता पैशाकडे वळू. २०२४ सालच्या अखेरीस बाजारात येताना डिझायरची किंमत ६ लाख ७९ हजार रुपयांपासून सुरू झाली. एम ३४० आयची किंमत होती ७४ लाख ९० हजार रुपये. एका बी. एम. डब्ल्यू.च्या किमतीत अकरा डिझायर येतात! एवढी रक्कम पाच वर्षांत, म्हणजे साठ हप्त्यांत फेडायची म्हटली, तर दरमहा सुमारे सव्वा लाख रुपये द्यावे लागतील. व्याज आणि विमा वेगळाच. डिझायरसाठी हाच आकडा अकरा-बारा हजारांच्या घरात येतो.

खर्च विकत घेऊन संपत नाही. कंपनीच्या चाचणीनुसार साधे गिअर असलेली डिझायर एका लिटर पेट्रोलमध्ये २४.७९ किलोमीटर धावते. गर्दीच्या रस्त्यावर हा आकडा कमी होतो. तरी मोठ्या इंजिनाची मोटार तिच्याजवळ येऊ शकत नाही. डिझायर बिघडली, तर तालुक्याच्या गावीही ती दुरुस्त करणारा मेकॅनिक भेटतो आणि सुटे भाग मिळतात. दुसरीला बहुधा मोठ्या शहरातल्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये न्यावे लागते. तेथे आधी संगणक जोडून बिघाड शोधतात आणि मग पाना हाती घेतात. तुमच्यापैकी जे कोणी पुढे आय. टी. आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम घेतील, त्यांना आता पान्याइतकाच संगणकही चालवता आला पाहिजे.

मग महाग मोटार निरुपयोगी आहे का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. पुष्कळ चांगले शोध आधी महाग मोटारींत आले आणि मग सर्वांना मिळाले. एक उदाहरण पाहा. जोरात ब्रेक दाबला, की चाके जाम होतात आणि गाडी घसरत जाते. स्टेअरिंग फिरवूनही ती वळत नाही. हे टाळण्यासाठी चाक जाम होऊ लागताच ब्रेक क्षणभर सैल करणारी आणि पुन्हा दाबणारी यंत्रणा तयार झाली. तिला 'ए. बी. एस.' म्हणतात. १९७८ साली मर्सिडीज-बेंझने ती आपल्या उंची मोटारीत बसवली. आज भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत ती असावीच लागते. २०२४ सालच्या डिझायरमध्ये सर्वांत स्वस्त प्रतीतही सहा एअरबॅग दिलेल्या आहेत. ग्लोबल एनकॅप या संस्थेने मोटार धडकवून घेतलेल्या चाचणीत तिला मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी पाच तारे मिळाले. तिच्या आधीच्या पिढीला दोनच तारे मिळाले होते. सुरक्षितता ही श्रीमंतांचीच मिरास राहिली नाही, ही आनंदाची गोष्ट आहे.

आता रस्त्याकडे या. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर सपाट भागात मोटारींसाठी ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. घाटात ती याहून कमी आहे. ८० अश्वशक्तीची मोटार हा वेग सहज गाठते. ३७४ अश्वशक्तीच्या मोटारीलाही नियमाने येथेच थांबावे लागते. दोघींनाही शंभर किलोमीटरला एकच तास लागेल.

निसर्गाचे नियमही किंमत विचारत नाहीत. ताशी १०० किलोमीटर वेगाने मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते. समोर संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढे अंतर संपलेले असते. पुढचे ब्रेक साधे असोत वा उंची, ते अंतर परत मिळत नाही. शिवाय वेग दुप्पट झाला, की धडकेची ऊर्जा चौपट होते.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाले. ते एका महागड्या मोटारीत मागच्या आसनावर बसले होते. त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. त्यांच्या शेजारी बसलेले सहप्रवासीही दगावले. पुढच्या आसनांवरचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. लाखो रुपयांच्या मोटारीतही तो साधा पट्टा बांधण्याचे काम माणसालाच करावे लागते. आज वापरात असलेला, खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा पट्टा व्होल्वो कंपनीचे अभियंता निल्स बोलिन यांनी १९५९ साली तयार केला. कंपनीने तो इतर कारखानदारांनाही वापरू दिला. डिझायरमध्ये तो आहे आणि बी. एम. डब्ल्यू.मध्येही आहे. त्याच्यापुढे दोन्ही मोटारींतले प्रवासी सारखेच.

मुलांनो, मग यांतली चांगली मोटार कोणती? ज्याला वेगाची आणि यंत्राच्या कौशल्याची हौस आहे आणि ज्याच्या खिशाला ती परवडते, त्याच्यासाठी एम ३४० आय चांगली. ज्याला पाच माणसांचे कुटुंब घेऊन गावी जायचे आहे किंवा टॅक्सी चालवून घर चालवायचे आहे, त्याच्यासाठी डिझायर चांगली. गरज पाहून वस्तू निवडावी. शेजाऱ्याकडे पाहून निवडली, तर हप्ते आपल्यालाच भरावे लागतात. आणि ज्याचे अब्बा किंवा मामू टॅक्सी चालवतात, त्याने महागड्या मोटारीशेजारी त्यांची टॅक्सी उभी असताना मुळीच संकोचू नये. ती टॅक्सी रोज कोणाला दवाखान्यात, तर कोणाला स्टेशनवर वेळेवर पोहोचवते.

आता एक काम तुमच्यासाठी. पुढच्या वेळी कोणत्याही मोटारीत मागे बसाल, तेव्हा आधी पट्टा शोधा. अनेकदा तो आसनाच्या फटीत दडपलेला किंवा कव्हराखाली झाकलेला असतो. तो बाहेर काढा, स्वतः बांधा आणि शेजारच्यालाही बांधायला सांगा. मागे बसणाऱ्यालाही कायद्याने तो बंधनकारक आहे. चालक तुमच्या ओळखीचा असेल, तर त्याला मागचे पट्टे मोकळे ठेवायला अदबीने सांगा.