स्मृती हेच भांडवल : जिमी पेरी यांचे संहितालेखन

दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिका हा विद्यापीठीय अभ्यासाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या मालिका करमणुकीसाठी लिहिल्या जातात, अर्ध्या तासात संपतात, आणि त्यांचा लेखक कोण हे प्रेक्षकांस बहुधा ठाऊकही नसते. तथापि एखाद्या समाजाने आपला नजीकचा भूतकाळ कोणत्या रूपात जतन केला हे पाहावयाचे झाल्यास इतिहासग्रंथांइतकाच या मालिकांचाही विचार करावा लागतो. ब्रिटिश संहितालेखक जिमी पेरी (१९२३–२०१६) यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यसनीय आहे. शिवाय त्यांच्या एका मालिकेचे घटनास्थळ नाशिकजवळील देवळाली हे असल्यामुळे मराठी वाचकास तिच्याविषयी निराळे कुतूहल वाटावे, हेही उघड आहे.

प्रथम या प्रकाराचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. इंग्रजीत ज्यास ‘सिटकॉम’ म्हणतात, त्या मालिकेत स्थळ ठरलेले असते, पात्रे ठरलेली असतात आणि त्यांचे परस्परसंबंधही सहसा बदलत नाहीत. प्रत्येक भागात एखादी नवी अडचण उद्भवते, पात्रे आपापल्या स्वभावानुसार तीत अधिकाधिक गुंतत जातात, आणि भाग संपतो तेव्हा सर्व जण पुन्हा पूर्वस्थितीस येतात. नाटकातील नायक अनुभवाने शहाणा होतो. येथील नायकास शहाणे होण्याची मुभाच नसते, कारण तो शहाणा झाला की मालिका संपली. म्हणून अशा मालिकेचे स्थळ हे पात्रांना सहजासहजी सोडता येऊ नये असे असावे लागते. घर, दुकान, तुरुंग, लष्करी छावणी ही स्थळे पुनःपुन्हा दिसतात ती याच कारणाने. अमेरिकेत अशा मालिका लेखकांचा एक मोठा गट लिहितो. ब्रिटनमध्ये मात्र एक किंवा दोन लेखकांनीच सर्व भाग लिहावेत अशी प्रथा दीर्घकाळ होती. त्यामुळे तेथील मालिकेवर लेखकाच्या व्यक्तिगत अनुभवाचा ठसा अधिक स्पष्टपणे उमटतो.

पेरी यांचा जन्म २० सप्टेंबर १९२३ रोजी लंडनच्या बार्न्स या भागात झाला. वडील जुन्या दुर्मिळ वस्तूंचे व्यापारी होते. वयाच्या चौदाव्या वर्षीच मुलाने शाळा सोडली; त्याला विनोदी नट व्हावयाचे होते. पुढे कुटुंब वॉटफर्ड येथे राहावयास गेले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. १४ मे १९४० रोजी युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी नभोवाणीवरून स्वयंसेवकांस आवाहन केले. सतरा ते पासष्ट वर्षे वयाच्या पुरुषांनी आपापल्या गावाच्या रक्षणासाठी नावे नोंदवावीत, असे ते आवाहन होते. या दलास जुलैपासून ‘होम गार्ड’ असे नाव मिळाले. आरंभी पुरेशा बंदुका नव्हत्या, गणवेश नव्हते. वृद्ध निवृत्त सैनिक, दुकानदार आणि मिसरूड न फुटलेली मुले एकाच रांगेत कवायत करीत. पेरी हे त्या मुलांपैकी एक होते. रात्रीच्या गारठ्यात मुलगा बाहेर राहतो म्हणून त्यांच्या आईच्या जिवाला घोर लागे.

१९४३ मध्ये पेरी यांना सैन्यात बोलावणे आले. तोफखान्यात त्यांची नेमणूक झाली आणि युद्धाच्या उत्तरार्धात ते पूर्वेकडे आले. देवळालीच्या छावणीत सैनिकांच्या मनोरंजनासाठी तोफखान्याचे एक नाट्यगायन पथक होते. त्यात त्यांनी काम केले आणि सार्जंटच्या हुद्द्यापर्यंत ते चढले. युद्धानंतर माजी सैनिकांसाठी असलेल्या शिष्यवृत्तीवर त्यांनी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये नाट्यशिक्षण घेतले. सुटीच्या काळात ते बट्लिन यांच्या सुट्टी-शिबिरात लाल कोट घालून पाहुण्यांचे मनोरंजन करण्याची नोकरी करीत. १९५६ पासून १९६५ पर्यंत पत्नी गिल्डा यांच्यासह त्यांनी वॉटफर्डचे पॅलेस थिएटर चालविले. त्यानंतर ते जोन लिटलवुड यांच्या लंडनमधील नाट्यसंस्थेत नट म्हणून दाखल झाले. वयाची चाळिशी उलटली होती, आणि नट म्हणून म्हणावे तसे नाव झालेले नव्हते.

संहितालेखनाकडे ते वळले ते स्वतःसाठी एखादी चांगली भूमिका निर्माण करावी या हेतूने. १९६७ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यापुढील पहारेबदल पाहताना त्यांना जुन्या होम गार्डचे स्मरण झाले. ‘ओ, मिस्टर पोर्टर!’ (१९३७) या चित्रपटातील फुशारकी मिरविणारा प्रौढ, एक म्हातारा आणि एक पोरगा हे त्रिकूट त्यांच्या डोळ्यांपुढे होतेच. ‘द फायटिंग टायगर्स’ या नावाने त्यांनी पहिली संहिता लिहिली आणि त्या वेळी ज्यांच्या मालिकेत ते एक लहान भूमिका करीत होते, त्या डेव्हिड क्रॉफ्ट (१९२२–२०११) या निर्मात्यांच्या हाती ती दिली. क्रॉफ्ट यांनी सहलेखन स्वीकारले. बीबीसीच्या विनोदी विभागाचे प्रमुख मायकेल मिल्स यांनी मालिकेस ‘डॅड्ज आर्मी’, म्हणजे ‘बाबांची फौज’, असे नाव सुचविले. पेरी यांनी स्वतःसाठी योजिलेली काळाबाजारवाल्या वॉकरची भूमिका मात्र त्यांना मिळाली नाही. लेखकाने एकाच भूमिकेत अडकून पडू नये, असा निर्णय झाला. नटाची ही निराशा लेखकाच्या पथ्यावर पडली असे म्हणावयास हरकत नाही.

मालिकेचा पहिला भाग ३१ जुलै १९६८ रोजी दाखविला गेला आणि १३ नोव्हेंबर १९७७ पर्यंत तिचे ८० भाग झाले. आरंभी बीबीसीमध्येच धास्ती होती. युद्ध संपून तेवीसच वर्षे झाली होती. देशासाठी सिद्ध झालेल्या वृद्धांची थट्टा लोकांस रुचेल काय, असा प्रश्न होता. शीर्षकाबरोबर युद्धातील खरी चित्रफीत दाखविण्यास वरिष्ठांनी हरकत घेतली, तेव्हा पहिल्या भागास १९६८ सालातील एक छोटा प्रवेश जोडून समेट करण्यात आला. प्रत्यक्षात ही थट्टा कोणास बोचली नाही, आणि याचे कारण तिच्या रचनेत आहे. काल्पनिक वॉल्मिंग्टन-ऑन-सी या गावातील बँकेचा व्यवस्थापक मॅनरिंग हा पलटणीचा कप्तान, आणि त्याच्या हाताखालचा कारकून विल्सन हा सार्जंट. अधिकार मॅनरिंगपाशी आहे, परंतु उच्चकुलीन वळण विल्सनपाशी. इंग्लंडमधील वर्गभेदाची सारी वेदना या दोन माणसांच्या संभाषणात सामावली आहे. मॅनरिंग आढ्यताखोर आहे, हास्यास्पद आहे; परंतु जर्मन सैनिक खरोखर उतरले तर तो पळणार नाही, याविषयी प्रेक्षकास संशय नसतो. हास्य आणि आदर एकाच पात्राच्या ठिकाणी टिकविणे ही सोपी गोष्ट नव्हे. आईच्या सांगण्यावरून गळपट्टा गुंडाळून कवायतीस येणारा पाइक हा मुलगा म्हणजे सोळा-सतरा वर्षांचे पेरीच होत. मालिकेच्या शीर्षकगीताचे शब्दही त्यांचेच. ते गीत नवे असूनही अस्सल युद्धकालीन वाटते, इतके त्यांनी जुन्या संगीतशालांचे वळण आत्मसात केले होते.

यानंतरच्या तीन मालिकांचा क्रम लक्षणीय आहे. ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ (१९७४–१९८१, ५६ भाग) ही देवळालीची, ‘हाय-डी-हाय!’ (१९८०–१९८८, ५८ भाग) ही १९५९ सालच्या एका सुट्टी-शिबिराची. आणि ‘यू रँग, मिलॉर्ड?’ (१९८८–१९९३, २६ भाग) ही १९२० नंतरच्या दशकातील एका लॉर्डाच्या घरातील नोकरचाकरांची. पेरी यांचे आजोबा अशाच घरी बटलर होते. म्हणजे पहिल्या तीन मालिका लेखकाच्या आयुष्यातील अनुक्रमे तीन टप्प्यांवर, आणि चौथी घरात ऐकलेल्या हकीगतींवर उभी आहे. याउलट ‘द नोम्स ऑफ डलिच’ (१९६९) आणि ‘रूम सर्व्हिस’ (१९७९) या मालिकांचा आधार स्वानुभव नव्हता. त्या अल्पायुषी ठरल्या.

यावरून ‘अनुभव असेल तेथे यश’ असा सिद्धांत मांडण्याचा मोह होतो. परंतु येथे सावधगिरी हवी. या अयशस्वी मालिकांत क्रॉफ्ट यांचाही सहभाग नव्हता. तेव्हा अपयशाचे कारण अनुभवाचा अभाव की सहकाऱ्याचा अभाव, हे एवढ्यावरून ठरविता येत नाही. क्रॉफ्ट यांच्या इतर कामाकडे पाहिले असता थोडा उलगडा होतो. जेरेमी लॉइड यांच्यासह त्यांनी लिहिलेली ‘आर यू बीइंग सर्व्ह्ड?’ (१९७२–१९८५) ही मालिका अत्यंत लोकप्रिय झाली, आणि तिच्यामागे लॉइड यांनी कापडाच्या मोठ्या दुकानात केलेल्या नोकरीचा अनुभव होता. सहलेखक अनुभव आणतो आणि क्रॉफ्ट त्यास घाट देतात, असे या दोन्ही जोड्यांचे सूत्र दिसते. पेरी आणि क्रॉफ्ट यांची कार्यपद्धतीही विशेष होती. दोन भागांची कथानके दोघे मिळून रचीत, आणि मग प्रत्येक जण आपापल्या घरी एकेक भाग लिहून काढी. तेव्हा स्मृती हे भांडवल खरे, पण ते गुंतविणारा जाणता भागीदारही लागतो, एवढाच निष्कर्ष निर्वेधपणे काढता येईल.

आता देवळालीच्या मालिकेकडे वळू. देवळालीची छावणी एकोणिसाव्या शतकातली. मुदत संपलेल्या गोऱ्या सैनिकांना मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथे दीर्घकाळ थांबावे लागे. उन्हाने आणि कंटाळ्याने कित्येकांची डोकी ठिकाणावर राहत नसत. त्यातून ‘डूलॅली टॅप’ हा शब्दप्रयोग सैनिकी इंग्रजीत रूढ झाला. यातील ‘डूलॅली’ म्हणजे आपली देवळाली, आणि ‘टॅप’ म्हणजे आपण ज्यास ताप म्हणतो तोच. ‘डूलॅली’ हा शब्द वेडसर या अर्थी इंग्रजीत आजही वापरला जातो; तो उच्चारणाऱ्यास नाशिक जिल्ह्याची आठवण क्वचितच होत असेल.

मालिकेतील पथकाचे नट-गायक हे आघाडीवर धाडले जाऊ नये म्हणून धडपडतात, आणि त्यांना मर्द सैनिक बनविण्याचा विडा उचललेला सार्जंट-मेजर विल्यम्स त्यांच्यावर सतत गरजत असतो. हा संघर्ष खरा आहे; लेखकाने तो जवळून पाहिला होता. परंतु याच मालिकेवर पुढे वांशिक दृष्टिकोनाबद्दल कठोर टीका झाली आणि बीबीसीने तिचे पुनःप्रक्षेपण करण्याचे टाळले. रंगी राम या हिंदी सेवकाची भूमिका मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने चेहऱ्यास रंग लावून केली. बेट्स यांचा जन्म झाशीचा, महायुद्धात ते गुरखा पलटणीत होते आणि हिंदुस्थानी भाषा त्यांना अवगत होती, असे समर्थन केले जाते. पेरी यांनीही अखेरपर्यंत मालिकेचा कैवार घेतला. आपण जे पाहिले तेच लिहिले, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता.

हा युक्तिवाद खोटा नाही. तो अपुरा आहे. ‘डॅड्ज आर्मी’त लेखक पलटणीतील सर्वांत धाकटा होता. त्याने सर्वांकडे खालून पाहिले, आणि खालून पाहणाऱ्यास वरच्याची आढ्यता दिसते तशीच त्याची भीतीही दिसते. देवळालीत तो सार्जंट होता. सोबतचे सैनिक त्याला आतून कळले, परंतु चहा आणणारा आणि पंखा ओढणारा हे त्याला त्यांच्या कामापुरतेच दिसले. ते रात्री कोणत्या घरी जात, घरी कोणती भाषा बोलत, गोऱ्यांच्या त्या नाचगाण्याविषयी आपसांत काय म्हणत, हे जाणण्याचा मार्ग त्याच्यापाशी नव्हता. रंगी राम स्वतःस इंग्रजांत मोजतो यावर प्रेक्षक हसतो. पण मॅनरिंगच्या आढ्यतेमागे जे दुःख जाणवते, ते रंगी रामच्या ठिकाणी क्वचितच जाणवते. १९४५ साल, स्वातंत्र्य दोन वर्षांवर आलेले. असे असता तो माणूस असे का बोलत असेल, हा प्रश्न मालिका सहसा विचारीत नाही. छावणीच्या कुंपणाबाहेरची देवळालीही तिचा विषय नाही. तिचे चित्रणही इंग्लंडमध्येच झाले.

म्हणून पेरी यांच्या कारकीर्दीपासून मिळणारा बोध दुहेरी आहे. सामान्य माणसाची आठवण, ती नीट जपली आणि योग्य सहकाऱ्याच्या साह्याने रचली, तर एका राष्ट्राची आठवण होऊ शकते. नॉरफकमधील थेटफर्ड या गावी, जेथे मालिकेचे बाह्यचित्रण होई, तेथे २०१० मध्ये मॅनरिंगचा पुतळा उभारण्यात आला. कल्पित माणसाचा पुतळा उभा राहावा यापरते प्रमाण कोणते? परंतु स्मृतीस जागा असते, आणि जागा बदलली की दृश्य बदलते. साक्षीदार प्रामाणिक असला तरी तो जेथे उभा होता तेथूनच त्याने पाहिलेले असते.

तंबूच्या आतून देवळाली कशी दिसली हे पेरी यांनी सांगितले. तंबूच्या दाराशी चहाची किटली घेऊन उभ्या असलेल्या माणसास ती कशी दिसली, हे सांगणे त्यांचे काम नव्हते, आणि त्यांना ते साधलेही नसते. ते काम या बाजूच्या लेखकांचे आहे.