नाव एकच, वॉट वेगळे
लॅपटॉपच्या खोक्यावर ‘आरटीएक्स ४०६०’ एवढंच वाचून पैसे मोजू नका. एनव्हिडियाच्या या लॅपटॉप चिपला ३५ ते ११५ वॉटांदरम्यान किती वीज द्यायची, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. सडपातळ यंत्रात पंखे लहान आणि उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्यांना जागा कमी. म्हणून वॉट उतरवले जातात, गेमचा वेगही उतरतो. तरी ही तडजोड वाईटच असते असं नाही: २०२० चा आसूस झेफिरस जी१४ जेमतेम १.६ किलोचा, त्यातली आरटीएक्स २०६० ६५ वॉटांची, पण खेळायला झकास! खरेदीआधी ‘टीजीपी’चा, म्हणजे चिपला किती वॉट मिळतात त्याचा, आकडा विचाराच. आणि खेळताना लॅपटॉप गादीवर नको. खालच्या जाळीतून येणारी हवा अडते.