अपस्मार आणि मुलांचें वाचन-लेखन

दिवेलागण झाली, परवचा आटोपला, कीं घरांतील मुलें पुस्तकें घेऊन बसतात. त्यांतील एखादा मुलगा धडा वाचतां वाचतां मध्येंच थांबतो, शून्य दृष्टीनें पाहतो, आणि पुन्हा वाचूं लागतो तों मधली ओळ सुटलेली असते. काका खेकसतात, आजोबांच्या कपाळाला आठ्या पडतात. "लक्ष कोठें आहे तुझें?" या प्रश्नाला त्या बिचाऱ्याजवळ उत्तर नसतें, कारण त्या दहा-पंधरा सेकंदांपुरती त्याची शुद्धच हरपलेली असूं शकते.

अपस्मार किंवा फेफरें म्हटलें कीं, जमिनीवर कोसळून हातपाय झाडणारा रोगीच आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु या विकाराचीं रूपें अनेक आहेत. वर वर्णिलेल्या प्रकारांत मूल पडत नाहीं, ओरडत नाहीं. केवळ क्षणभर निश्चल होतें. असे झटके दिवसांतून कित्येक वेळां येऊं शकतात. शुद्धलेखन चालू असतां एक झटका आला, तरी दोन-तीन शब्द मनापर्यंत पोंचत नाहींत आणि वहींत वाक्य तुटतें. दुसऱ्या एका प्रकारांत झटके बहुधा झोपेंत येतात व तोंडाची एक बाजू आंचके देऊं लागते. हा प्रकार सोळाव्या वर्षाच्या सुमारास बहुधा आपोआप थांबतो. परंतु अशा मुलांत वाचनाच्या व उच्चाराच्या अडचणी इतर मुलांपेक्षां अधिक आढळतात.

याचें कारण काय? आपल्या पूर्वजांनीं या व्याधीस दिलेलें नांवच बोलकें आहे. स्मृतीचा अपगम तो अपस्मार. आणि वाचन तर पावलोपावलीं स्मृतीवर विसंबून असतें. आपल्या लिपींत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीं दिसते पण नंतर उच्चारली जाते. रफाराचा उच्चार आधीं होतो, पण खूण मात्र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर असते. अशीं चिन्हें क्षणभर मनांत धरून त्यांचा मेळ घालावा तेव्हां शब्द उमटतो. जर्मनींतील येना येथें हान्स बर्गर यांनीं १९२४ सालीं मानवी मेंदूंतील विद्युल्लहरींची प्रथम नोंद केली व १९२९ सालीं ती प्रसिद्ध केली. अशा आलेखावरून दिसतें कीं, बाहेरून झटका दिसत नसतांहि मेंदूंत क्षणिक विद्युत्-उसळी येऊं शकतात. त्यांनीं मनांतला हा मेळ विस्कटूं शकतो. रात्रीं झोपमोड झाली, तर दिवसा शिकलेलें नीट ठसत नाहीं, तें निराळेंच.

औषधांचाहि विचार केला पाहिजे. १९१२ पासून वापरांत असलेलें फेनोबार्बिटाल स्वस्त आहे. पण त्यानें मूल सुस्तावूं शकतें. टोपिरामेटनें शब्द आठवण्यास विलंब लागूं शकतो. तथापि "औषधानें पोर मंद झालें" म्हणून घरच्या घरीं गोळ्या बंद करणें अत्यंत घातक आहे; त्यानें न थांबणारे झटके येऊं शकतात. तक्रार डॉक्टरांकडे न्यावी, बदल त्यांनींच करावा. योग्य उपचारानें दहांपैकीं सुमारें सात रोग्यांचे झटके थांबूं शकतात.

अपस्मार असलेलें प्रत्येक मूल अभ्यासांत मागें पडतें असें मुळींच नाहीं. कित्येकांची बुद्धि तल्लख असते. म्हणूनच वाचन अडखळत असेल, तर त्याला आळशी वा मठ्ठ न म्हणतां त्याच्या वाचनाची स्वतंत्र परीक्षा करवून घ्यावी. आमच्या भगिनींनीं एक लहानशी वही ठेवावी. झटक्याची तारीख, वेळ, तो किती सेकंद टिकला, आदल्या रात्रीं झोप कशी झाली, हें तींत टिपावें. डॉक्टरांना ती फार उपयोगी पडते. धडा एकदम न देतां चार ओळी द्याव्या, ओळीखालीं पट्टी धरावी, उत्तरें तोंडीं घ्यावीं आणि कालचा पाठ आज पुन्हा वाचून घ्यावा. झटका आल्या दिवशीं अभ्यास नकोच.

सर्वांत मोठा अडसर आहे तो लपवाछपवीचा. "शाळेंत कळलें तर उद्यां लग्न कसें जमेल?" या भीतीनें शिक्षकांनाहि कांहीं सांगितलें जात नाहीं, आणि मूल वर्षानुवर्षें छड्या व शिव्या खातें. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत अपस्मार हा विवाहाला बाधक मानला होता. १९९९ सालीं ती तरतूद काढून टाकण्यांत आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें वाचन-लेखनाच्या विशिष्ट अक्षमतेलाहि मान्यता दिली आहे. तसें प्रमाणपत्र असल्यास परीक्षेंत अधिक वेळ वा लेखनिक मिळूं शकतो. परंतु घरानेंच आजार झांकून ठेवला, तर हें सारें मुलाच्या हातीं यावें कसें?

झटका क्षणांत ओसरतो. पण "तूं ढ आहेस" हे शब्द मुलाच्या मनांतून जन्मभर ओसरत नाहींत. एकत्र कुटुंबांत शिकवावयास माणसें पुष्कळ असतात. त्यांपैकीं एकानें जरी रोज अर्धा घटका न रागावतां त्याच्याजवळ बसावयाचें ठरविलें, तरी सुटलेल्या ओळी एकेक करून पुन्हा हातीं लागतील, असा आमचा विश्वास आहे.