कोतवाली आणि नगरपालिका : इंदूरच्या नगरकारभाराची दोन अंगे



इंदूरचा इतिहास सांगू लागले की होळकरांचा पराक्रम आणि देवी अहिल्याबाईंची पुण्याई यांचे स्मरण प्रथम होते, आणि ते उचितच आहे. परंतु रात्री गल्लीत पहारा कोण देत असे, सकाळी तीच गल्ली कोण झाडीत असे आणि या दोहोंचा जाब कोणाला विचारता येत असे, हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी तोच विषय घेतला आहे.

मराठेशाहीतील मोठ्या शहरांत ही सारी कामे कोतवाल नावाच्या एकाच अधिकाऱ्याकडे असत. चोरांचा तपास, रात्रीची गस्त, बाजारभाव, वजने-मापे, परगावाहून येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद आणि किरकोळ तंट्यांचा निवाडा, एवढा पसारा त्याच्या हाती असे. कारभार सोपा होता, पण त्यात एक मोठी उणीव होती. कोतवाल सरकारला हिशेब देई. ज्यांच्यावर तो अंमल चालवी त्या रहिवाशांना मात्र त्याला जाब विचारण्याचा मार्ग नव्हता. पुण्याच्या घाशीराम सावळदासाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १७७७ साली तो कोतवाल झाला. १७९१ मध्ये त्याच्या कैदेत कोंडलेले काही ब्राह्मण गुदमरून मरण पावले, तेव्हा खवळलेल्या जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. तक्रारीला रीतसर वाट नसली म्हणजे माणसे आधी सोसत राहतात आणि मग दगड उचलतात, हा त्या प्रसंगाचा बोध आहे.

आता आपल्या शहराकडे वळू. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला आणि त्यानंतर तात्या जोग यांच्या कारभारात इंदूर ही संस्थानची राजधानी ठरली. सराफा, कापड आणि अफू यांच्या व्यापाराने शहर वाढत गेले. तथापि या शहरात दोन सत्ता नांदत होत्या. शहरावर होळकरांचा अंमल होता, तर लगतच्या रेसिडेन्सीच्या हद्दीत इंग्रजांचा हुकूम चाले. छावणी हे वस्तीचे नाव त्याच काळाची खूण आहे.

१८७० साली, दुसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीत, इंदुरात नगरपालिका स्थापन झाली आणि बक्षी खुमानसिंह यांची अध्यक्षपदी नेमणूक झाली. ‘नेमणूक’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण मतदार अद्याप कोठेच नव्हता. तरीही झाडलोट, दिवाबत्ती आणि रस्ते ही कामे पहाऱ्याच्या व्यवस्थेपासून वेगळी आहेत, त्यांना दंडुक्यापेक्षा हिशेबाची आणि रहिवाशांच्या सहकार्याची गरज आहे, हे तत्त्व तेथे मान्य झाले. १९०६ मध्ये शहरात वीज आली आणि १९०९ मध्ये अग्निशामक दल उभे राहिले. त्याच सुमारास किंग एडवर्ड हॉल बांधून झाला. चार तोंडांच्या घड्याळामुळे लोक त्यास घंटाघर म्हणू लागले, आणि १९४८ साली त्याचे नामकरण महात्मा गांधी हॉल असे झाले. मुंबईच्या टाऊन हॉलप्रमाणेच ही वास्तूही नागरिकांनी एकत्र जमण्यासाठी होती.

सहकार्याचा अर्थ इंदूरला शिकविला तो स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी. प्लेगच्या भीतीच्या त्या दिवसांत, १९१७ साली, ते येथे आले. दाट वस्त्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढणे त्यांना मान्य नव्हते. थोडी पाडापाडी आणि पुष्कळशी दुरुस्ती ही त्यांची रीत होती. त्या वर्षीच्या दिवाळीत त्यांनी एक मिरवणूक काढविली. ज्या मार्गावरील घरे सर्वांत स्वच्छ असतील त्या मार्गाने ती जाणार, असे आधी जाहीर केल्यामुळे घरोघर साफसफाई सुरू झाली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर होता. त्यांच्यामागून शुभ्र पोशाखातील सफाई कामगार गळ्यात हार घालून सन्मानाने चालले होते. जे काम हुकुमाने झाले नसते ते आपलेपणाने झाले. गेडीस यांचा इंदूरविषयीचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला.

स्वातंत्र्यानंतर संस्थान मध्यभारतात विलीन झाले. १९५६ साली मध्यप्रदेश राज्य बनले आणि इंदूरच्या नगरपालिकेची महानगरपालिका झाली. २००० साली इंदूरकरांनी प्रथमच महापौर थेट मतदानाने निवडला. पोलीस खाते मात्र राज्य सरकारकडेच राहिले. ९ डिसेंबर २०२१ पासून येथे पोलीस आयुक्त पद्धती लागू झाली. म्हणजे कोतवालाच्या एका आसनाची आता दोन कार्यालये झाली आहेत, आणि दोन्हींवर जुन्या नात्याची खूण शिल्लक आहे. पोलिसांकडे ‘सेंट्रल कोतवाली’ हे ठाण्याचे नाव राहिले. आणि एके काळी पोलीस अंमलदाराची असलेली ‘दरोगा’ ही पदवी महानगरपालिकेत सफाईवर देखरेख करणाऱ्यास लाभली.

ही विभागणी आवश्यक होती, परंतु तिच्यात एक धोका आहे. जे काम दोन कार्यालयांच्या मध्ये पडते त्याचा धनी कोण? २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात सतत अग्रस्थानी असलेल्या, जुलै २०२५ मध्ये आठव्यांदा गौरविल्या गेलेल्या या शहरात त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर भागीरथपुऱ्यात नळाच्या दूषित पाण्याने अनेकांचे प्राण घेतले. मुख्य जलवाहिनीतील गळती सापडली ती पोलीस चौकीजवळच्या शौचालयाखाली. पाण्याला दुर्गंधी येते, अशी रहिवाशांची तक्रार आधीपासून होती. झाडलेला रस्ता सर्वांना दिसतो. जमिनीखालचा नळ कोणास दिसत नाही. त्याची वार्ता देणारा एकच असतो, तो म्हणजे पाणी पिणारा नागरिक. त्याचे म्हणणे वेळीच ऐकले जात नसेल, तर नेमलेला कोतवाल आणि निवडलेला नगरसेवक यांत फरक तो काय राहिला?

विद्यार्थिमित्रहो, आपल्या प्रभागाचा नगरसेवक कोण, आपले ठाणे कोणते, पाण्याची तक्रार कोठे नोंदवावयाची आणि तिचे पुढे काय झाले हे कोणास विचारावयाचे, एवढे प्रत्येकाने घरी जाऊन वहीत लिहून काढावे. ज्या शिक्षकाच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या स्मृतीस यापरते अभिवादन मला सुचत नाही.