सरकारी तिजोरीतील मुलांचा वाटा

मधल्या सुटीत शाळेच्या ओसरीवर मुलांची पंगत बसते आणि ताटात गरम खिचडी पडते. तो तांदूळ, ती डाळ, चुलीपाशी राबणारे हात, वर्गातील फळा, गुरुजींचे वेतन, ह्या सर्वांसाठी पैसा लागतो. तो कोठून येतो? आणि तो मुलांसाठी खर्च व्हावा, हे कोण ठरविते?

सरकारचा पैसा आकाशातून पडत नाही. तो लोकांनी दिलेल्या करांतून जमतो. साबणाची वडी विकत घेणारा मजूरही तिच्या किमतीबरोबर थोडा कर देत असतो. अशा रीतीने थेंबे थेंबे तळे साचते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे नेमका हाच मुद्दा मांडला. सरकारचे उत्पन्न रयतेच्या कष्टांतून येते. मग रयतेच्या मुलांच्या शिक्षणावर इतका थोडा खर्च का व्हावा, असा त्यांचा सवाल होता. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती.

पुढे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली संपूर्ण बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९११ साली नामदार गोखले यांनी असेच विधेयक कायदेमंडळात मांडले. खर्चाचे दोन भाग सरकारने व एक भाग स्थानिक संस्थांनी सोसावा, असे त्यांनी सुचविले होते. परंतु १९१२ साली ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. विरोधकांच्या आक्षेपांत खर्चाचा आक्षेपही होता. मात्र १९१७ साली छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा केलाच.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत शिक्षण देण्याचे ध्येय राज्यापुढे ठेवले. २००२ सालच्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी तो मूलभूत हक्क ठरला आणि त्यासंबंधीचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला.

उपाशी मुलाचे मन पाटीवर कसे लागणार? म्हणून सहा वर्षांखालील बालकांसाठी १९७५ साली अंगणवाडीची योजना सुरू झाली. पुढे १९९५ साली शाळेतील माध्यान्ह भोजनाची राष्ट्रीय योजना आली. ह्या भोजनासाठी धान्य केंद्र सरकार पुरविते. ते शिजविण्याच्या खर्चात महाराष्ट्रापुरते केंद्राचे ६० व राज्याचे ४० असे प्रमाण असते. ज्या मुलांचे आईवडील नाहीत, अथवा ज्यांना मुलांचा सांभाळ करता येत नाही, अशी मुले अनाथाश्रमात न जाता कुटुंबातच वाढावीत, म्हणून महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून दरमहा अनुदान दिले जाते.

हा सर्व खर्च दरवर्षी अर्थसंकल्पात मांडावा लागतो. लोकप्रतिनिधींनी मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतील पैसा खर्च करता येत नाही. मुलांच्या वाट्याला किती आले हे एका ठिकाणी दिसावे, म्हणून २००८-०९ सालापासून केंद्राच्या अर्थसंकल्पात मुलांच्या योजनांचे स्वतंत्र विवरण दिले जाते.

तथापि, कागदावरील रक्कम म्हणजे ताटातील घास नव्हे. मंजूर झालेला पैसा ३१ मार्चपर्यंत खर्च झाला नाही, तर साधारणतः त्याची मंजुरी संपुष्टात येते. अनुदानाला विलंब झाला म्हणून लहान मुलाची भूक थांबून राहत नाही; वयाचे गेलेले वर्ष त्याला परत मिळत नाही.

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. हक्कांनाही ती लागू पडते. मुलांना मत देता येत नाही. म्हणून त्यांच्या वाट्याचा हिशेब मागणे हे मोठ्यांचे कर्तव्य ठरते. तुम्हीही अठरा वर्षांचे झालात की मतदार व्हाल. तेव्हा मागून येणाऱ्या मुलांसाठी तो हिशेब तुम्हांला मागावा लागेल.